उन्हाळ्याचे पाणी ऑक्टोबरात ठरते

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी, सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून लातूरला पोचली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. पुढे वाघिणी 50 झाल्या आणि ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्यांत सुमारे 26 कोटी लिटर पाणी आले. त्याआधी मार्चमध्येच शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती.

हे 26 कोटी लिटर उसाच्या हिशेबात मांडून पाहावेत. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाकाठी हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. देशभर गाजलेल्या रेल्वेने चार महिने जे वाहून आणले, ते जेमतेम 13 हेक्टर उसाचे पाणी. आणखी एक हिशेब. लातूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी रोज शंभर लिटर धरले, तर वर्षाला लागतात साधारण 14 दशलक्ष घनमीटर. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा आहे सुमारे 177 दशलक्ष घनमीटर. त्यावर अंबाजोगाई, केज, कळंब अवलंबून आहेत, औद्योगिक वसाहत आहे, गळती आहे. हे सगळे धरूनही भरलेले मांजरा लातूरला एका कोरड्या वर्षातून सहज पार नेऊ शकते. मग 2016 मध्ये ते तळाला का गेले? पाऊस दगा देत होता हे खरेच. धरण सलग काही वर्षे भरलेच नव्हते. पण दरवर्षी भरण्याची खात्री नसलेल्या धरणातले पाणी आपण दरवर्षी संपवायच्या हिशेबाने वापरतो, हे त्याहून खरे आहे.

धरणांतल्या पाण्याचे वाटप 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर ठरते. पिण्यासाठी इतके, उद्योगांना इतके, रब्बीला इतकी आवर्तने. कालवा सल्लागार समितीची ही बैठक बातमीत दोन ओळींची असते. एप्रिलातल्या टँकरला मात्र पहिले पान मिळते. टंचाई आराखडाही ऑक्टोबरपासून तीन टप्प्यांत बनतो, पण त्यात मुख्यतः असते ती तुटीची मलमपट्टी: विहीर-बोअर अधिग्रहण, टँकर, तात्पुरत्या नळयोजना. पाणी वाचवायची वेळ गेल्यावर ते वाहायचे कसे, एवढेच त्यात ठरते.

ऑक्टोबरातला आकडा तरी पाळला जातो का? नांदेडची गोष्ट पाहा. शहराची तहान विष्णुपुरीच्या जलाशयावर भागते. कागदावर पिण्याचे आरक्षण असते आणि काठांवर मोटारी चालू असतात. साठा घटला की पथके निघतात, मोटारी जप्त होतात, वीज तोडली जाते. पाणी पिकात गेल्यावर मोटार जप्त करून काय मिळवायचे? खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. दोन राज्यांमधल्या पाण्याला तारखा आहेत आणि त्या पाळल्या जातात. एकाच जिल्ह्यातल्या शहर आणि शिवार यांच्यातल्या पाण्याला मात्र तशी शिस्त नाही.

राखलेले पाणीही पूर्ण हाती लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जलाशयावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडाले, तर हजार हेक्टर पृष्ठभागावरून 10 कोटी लिटर जातात. म्हणजे रेल्वेचे सारे पाणी तीन दिवसांच्या आत हवेत. म्हणून पिण्याच्या आरक्षणात हे बाष्पीभवन धरायला हवे, आणि धरण भरलेल्या वर्षी एक नव्हे, दोन उन्हाळ्यांचे पाणी बाजूला काढायला हवे. शेतकऱ्यांना हे रुचणार नाही. न रुचण्याला कारणही आहे.

उसाला खलनायक ठरवणे सोपे आहे. सोयाबीन काढणीच्या पावसात भिजते, तुरीचा भाव आयात ठरवते. उसाला मात्र कायद्याने ठरलेला दर आहे आणि तोडणीची टोळी कारखाना पाठवतो. ज्याने मुलीचे लग्न उसावर केले, त्याला पाण्याचे प्रवचन कोणी द्यावे? उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2017 मध्ये घेतला. मराठवाड्यातले फड पाहिले की त्या सक्तीचा अर्थ कळतो. डाळी-तेलबियांना खरेदीची तशीच हमी मिळेपर्यंत धरण भरले की लागवड वाढणारच, आणि नवे कारखाने तिला आणखी खेचणार.

उरतो बोअर. इथला खडक बेसाल्टचा; पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत, फार खोल नाही. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरखाली जाण्यावर बंधने आणली, ती यासाठीच. तरी लातुरात हजार फुटांच्या बोअरची चर्चा कोणाला नवल वाटत नाही. शेजाऱ्याचा आटला की आपला आणखी खाली, एवढीच स्पर्धा. त्या खोलीवर लागलेच पाणी, तर ते एका पावसाने परत भरणारे नसते.

2016 च्या पावसाळ्याअखेर मांजरा भरले आणि रेल्वेचा विषय बंद झाला. पण पाऊस चांगला झाला की टंचाईच्या बैठका थांबतात, इथेच खरा धोका आहे. ज्या वर्षी धरणाच्या सांडव्यावरून पाणी जाते, त्याच वर्षीच्या 15 ऑक्टोबरला पिण्याचे राखीव किती, बाष्पीभवन किती धरले आणि उसाला किती, हे तीन आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत. नंतर दर महिन्याला त्यांच्याशेजारी प्रत्यक्ष उपशाचा चौथा आकडा लिहिला जावा, म्हणजे पथकाला मोटारी शोधत मेपर्यंत थांबावे लागणार नाही.