दोन मिनिटांचे अंतर

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत प्रवासवर्णने, छंदविषयक लेख आणि व्यवसायातील अनुभव दरवर्षी वाचावयास मिळतात. या वेळी मी थोड्या वेगळ्या विषयावर माझे मत मांडीत आहे. विषय आहे डोंगरातील दीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यतींचा, आणि त्यातही त्या शर्यती जोडीदारासह करण्याचा.

गेल्या काही वर्षांत बेळगावातील वैद्यकीय मंडळी सायकलकडे मोठ्या संख्येने वळली आहेत. रविवारी पहाटे राजहंसगडाच्या चढावर किंवा जांबोटीच्या रस्त्यावर आपल्यापैकी कोणी ना कोणी भेटतोच. काही जण आता डांबरी रस्ता सोडून कणकुंबीकडील लाल मातीच्या जंगलवाटांवर उतरले आहेत आणि शर्यतींत नावेही नोंदवू लागले आहेत. ही नोंदणी बहुधा एकट्याची असते. माझे मत असे की, पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या आणि दिवसाचे दहा तास रुग्णसेवेत घालविणाऱ्या डॉक्टराने डोंगरातील अशी शर्यत एकट्याने करू नये. ती जोडीने करावी, आणि जोडीचे नियम केवळ दंड टाळण्यापुरते न पाळता मनापासून पाळावेत.

हे नियम कोणते, ते दक्षिण आफ्रिकेतील ‘केप एपिक’ या शर्यतीवरून चांगले समजते. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत वेस्टर्न केप प्रांतातील डोंगराळ भागात होते. अलीकडच्या स्वरूपात ती आठ दिवस चालते. या काळात सहाशे ते सातशे किलोमीटर अंतर कापावे लागते आणि एकूण चढाई पंधरा हजार मीटरच्या आसपास भरते. येथे दोघांचा संघ असतो आणि दोघांनीही संपूर्ण अंतर स्वतः कापावयाचे असते. दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडल्यास संघाच्या वेळेत दंड मिळविला जातो. संघाची वेळ मोजली जाते ती दुसरा सायकलस्वार रेषा ओलांडतो तेव्हा. एकाने माघार घेतली तर दुसऱ्याला पुढे जाता येते, परंतु संघ म्हणून क्रमवारीत त्याला स्थान उरत नाही. आल्प्स पर्वत ओलांडणारी ‘ट्रान्सआल्प’ ही शर्यत १९९८ साली सुरू झाली, तीही अशीच दोघांच्या संघांसाठी.

वरवर पाहता हा नियम साधा वाटतो. त्यामागील गणित मात्र कठोर आहे. समजा, एका टप्प्याला पहिल्या स्वारास पाच तास लागतात आणि त्याच्या जोडीदाराचा वेग केवळ दहा टक्क्यांनी कमी आहे. दोघेही आपापल्या वेगाने गेले तर शेवटी त्यांच्यात अर्ध्या तासाहून अधिक अंतर पडेल. ते दोन मिनिटांत राखावयाचे तर वेगवान स्वाराने स्वतःला आवरले पाहिजे. सपाट रस्त्यावर तो पुढे राहून वारा अंगावर घेऊ शकतो. मागे बिलगून येणाऱ्याचे श्रम त्यामुळे बरेच वाचतात. चढावर मात्र वेगच कमी असल्याने हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. तेथे मग जोडीदाराच्या पाण्याच्या बाटल्या, हवेचा पंप, जादा ट्यूब आपल्या पाठीवर घेणे आणि त्याच्या चाकाच्या वेगाने चालणे एवढेच हाती राहते. ज्याच्या पायांत अधिक बळ आहे, त्याच्या संयमाची अशी परीक्षा मी अन्य खेळांत फारशी पाहिलेली नाही.

अत्युच्च पातळीवरही हेच दिसते. स्वित्झर्लंडचा क्रिस्टोफ सॉसर आणि दक्षिण आफ्रिकेचा त्याच्याहून वयाने बराच लहान असलेला बरी स्टँडर यांनी २०११ आणि २०१२ साली केप एपिक जिंकली. एक अनुभवी, तर दुसरा उमेदीच्या वयातला. ३ जानेवारी २०१३ रोजी सरावाच्या वेळी प्रवासी टॅक्सीची धडक बसून स्टँडरचा मृत्यू झाला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी सॉसर चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीसह उतरला आणि पुन्हा विजयी झाला. कुल्हावी हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. असे नामांकित खेळाडूही त्या आठ दिवसांत स्वतःचा वेग एकट्याने ठरवू शकत नाहीत. नव्या जोडीदाराचा श्वास, त्याचा चढावरील ताल आणि त्याचे खाणेपिणे नव्याने समजून घ्यावे लागते.

येथे कोणी आपल्याच व्यवसायातील नाशिकच्या महाजन बंधूंचे उदाहरण देईल. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. महाराष्ट्रातील सर्व डॉक्टरांना अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी होती. मात्र ती शर्यत डांबरी रस्त्यावरची आणि पाळीपाळीने चालविण्याची: एक सायकलवर असताना दुसरा विश्रांती घेऊ शकतो आणि मागे मदतनीसांची गाडी असते. डोंगरातील जोडीत विश्रांतीची पाळी नसते. दोघेही एकाच वेळी थकतात, आणि वाट अनेकदा अशी असते की जेथे कोणतीच गाडी पोहोचू शकत नाही. जोडीदार हाच तेथे पहिला मदतनीस.

आता वैद्यकीय बाजू. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते, म्हणजे साधारण दोन हजार कॅलरी. चढावर काही तासांतच हा साठा आटत येतो. आतडी एकट्या ग्लुकोजचे शोषण ताशी ६० ग्रॅमच्या आसपास करतात, फ्रुक्टोजची जोड दिल्यास ते ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. खर्च याहून अधिक असल्याने तूट वाढतच जाते. रक्तातील साखर उतरू लागली की पायांबरोबर विवेकही मंदावतो. निम्न रक्तशर्करेचा रुग्ण स्वतःला ठणठणीत म्हणवितो, हे आपण सर्वांनी अपघात विभागात पाहिले आहे. तोच नियम सायकलवर बसलेल्या डॉक्टरालाही लागू पडतो. आपली पदवी अशा वेळी आपले रक्षण करीत नाही. उलट, स्वतःचे निदान स्वतः करण्याची आपली सवय घातक ठरू शकते.

सोडियमचे उदाहरण याहूनही बोलके आहे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियमची पातळी १३५ किंवा त्याहून कमी आढळली, आणि तिघांमध्ये ती १२० किंवा त्याहूनही कमी होती. शर्यतीदरम्यान वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा अधिक द्रव पिणे, याच्याशी या विकाराचा सर्वांत निकटचा संबंध दिसला. चार-पाच तासांहून अधिक चालणाऱ्या सायकल शर्यतीतही हा धोका असतो, कारण सायकलवर पाणी सतत हाताशी असते.

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतील एका जोडीच्या शर्यतीत मी आणि माझे एक फिजिशियन स्नेही एकत्र होतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि चढावर माझ्यापेक्षा सरस. चौथ्या तासाला त्यांचे बोलणे थांबले. एरवी हे गृहस्थ चढावरही राजकारणावर बोलत असतात. पुढच्या वळणावर त्यांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला. बोटे सुजून हातमोजे घट्ट झाले होते आणि अंगठी रुतली होती. त्या आधीच्या प्रत्येक थांब्यावर त्यांनी भरपूर पाणी घेतलेले मी पाहिले होते. ते म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही व्हा पुढे, मी येतोच मागून. थोडे पाणी कमी पडलेय एवढेच.” मी म्हटले, “तुमच्याशिवाय माझी वेळ धरत नाहीत, डॉक्टर. आपण बसू या, आणि आता पाणी नको.” आमची शर्यत तेथेच संपली. रुग्णालयात नेल्यावर सोडियम १२६ निघाले. योग्य उपचार मिळाले आणि दोन दिवसांत ते घरी आले.

ते एकटे असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. वाटेत भेटलेल्या कोणीही त्यांना घामाने निथळलेला, पाणी कमी पडलेला माणूस समजून आणखी पाणी पाजले असते, आणि त्यांनी ते आनंदाने घेतले असते. फिजिशियन म्हणून हा विकार त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. परंतु त्या घटकेला त्यांचे ज्ञान त्यांच्या उपयोगी नव्हते. उपयोगी पडले ते एवढेच की, चार तास त्यांच्या शेजारी असलेल्या माणसाने त्यांनी किती पाणी प्याले हे पाहिले होते आणि ते एरवी कसे बोलतात हे त्याला ठाऊक होते.

या मतावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो मी टाळू इच्छित नाही. काही सहकारी म्हणतात की, जोडीमुळे धोका कमी न होता वाढतो. दुर्बळ जोडीदार ‘माझ्यामुळे यांचे नुकसान नको’ या संकोचापोटी छातीतील दडपणही लपवितो. एकटा असता तर तो निमूट परत फिरला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या समाजात भिडेचा पगडा मोठा, आणि ज्येष्ठ सर्जनबरोबर त्यांचाच पूर्वीचा विद्यार्थी जोडीला असेल तर विचारावयासच नको. मात्र यातून सिद्ध होते ते इतकेच की, भिडस्त जोडी धोकादायक असते. त्यावर एकटे जाणे हा उपाय नाही. भीड आधीच मोडून काढणे हा उपाय आहे, आणि ते काम शर्यतीच्या आधी, घरी बसून करावयाचे असते.

शस्त्रक्रियागृहात आपण हे शिकलेलो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया-सुरक्षेची तपासणी-सूची पुढे आणली. तीत छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे एक कलम आहे. नाव उच्चारलेली परिचारिका पुढे काही चुकीचे दिसल्यास बोलण्याचे धैर्य अधिक करते, हा त्यामागील विचार. डोंगरातील जोडीलाही अशाच उच्चारलेल्या कराराची आवश्यकता आहे.

म्हणून आपल्या सभासदांपुढे मी काही सूचना ठेवतो. जोडीदार निवडताना मैत्रीबरोबरच वेगही पाहावा. किमान तीन महिने एकत्र सराव करावा आणि त्यातील काही फेऱ्या मुद्दाम पाच तासांहून मोठ्या असाव्यात. चाळिशी ओलांडलेल्या दोघांनीही हृदयतपासणी करून घ्यावी आणि अहवाल एकमेकांना दाखवावेत. रक्तदाब, मधुमेह, चालू औषधे यांविषयी जोडीदारापासून काहीही लपवू नये. दर अर्ध्या तासाने एकमेकांना प्रश्न विचारावा: काय खाल्ले, किती प्यालात, लघवीला केव्हा गेलात? उत्तर विसंगत आले तर थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थांबण्याचा निर्णय दोघांपैकी कोणा एकाने घेतला की दुसऱ्याने वाद घालावयाचा नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर गप्पांतही नाही.

वेगवान जोडीदाराला मला विशेष विनंती करावयाची आहे. चढाच्या माथ्यावर पोहोचून घड्याळाकडे पाहत उभे राहणे म्हणजे साथ देणे नव्हे. मागून धापा टाकीत येणाऱ्याला ते उभे राहणे दिसते आणि तो विश्रांती न घेताच पुढे निघतो. त्याच्या बरोबरीने, त्याच्याच वेगाने चढावे. नियम दोन मिनिटांची मुभा देतो. परंतु दोन मिनिटांच्या अंतरावरून जोडीदाराचा चेहरा दिसत नाही, म्हणून आपण ती मुभा वापरू नये.

पावसाळा सरून वाटा कोरड्या झाल्या की आपल्या भागातील सरावाचा हंगाम सुरू होतो. संघटनेने या वर्षी सायकलस्वार सभासदांची एक यादी करावी आणि समान वेगाच्या जोड्या जमविण्यास साहाय्य करावे, असा माझा प्रस्ताव आहे. त्यास फारसा खर्च नाही. सभासद बंधुभगिनींनी त्यावर विचार करावा, मतभेद असल्यास अवश्य कळवावेत, आणि पटल्यास आपापला जोडीदार आजच ठरवून ठेवावा.