शब्दविचार : ‘टाय’

‘टाय’ म्हणजे गळ्यास बांधावयाची पट्टी, एवढेच बहुधा मुलांस ठाऊक असते. वस्तुतः या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘बांधणे’. सामन्यात उभय पक्षांचे गुण समान झाले तरी ‘टाय’. नात्यागोत्याचे पाश तेही ‘टाय’च. अमेरिकेत रुळांखालील स्लीपरांसही हेच नाव आहे. आमच्या वरठीस, भंडारा रोड स्थानकात, हे स्लीपर अवश्य पाहावेत. दोन रुळांस ते ५ फूट ६ इंचांवर धरून ठेवतात. दूर जाऊ देत नाहीत, तसे जवळही येऊ देत नाहीत. म्हणूनच गाडी सुखरूप चालते. संस्कृतातही ‘बन्धन’ आणि ‘बन्धु’ हे दोन्ही शब्द ‘बन्ध्’ या एकाच धातूपासून सिद्ध होतात. एकत्र कुटुंबात भावाभावांनी व सासवासुनांनी ध्यानी धरावे ते इतकेच, की योग्य अंतर राखणे हेही बांधणेच होय.