रांगेतली वीट

मंडळी, आपल्यापैकी ज्यांचं लहानपण इंदूरच्या वाड्यांत गेलं, त्यांना रॉकेलची रांग आठवत असेल. आई पहाटेच डबा ठेवून यायची. रांगेत डबा म्हणजे रांगेत माणूस!

मागच्या महिन्यात लेक व्हिएतनाम फिरून आली. म्हणाली, "बाबा, तिथेपण रेशनची रांग असायची म्हणे. लोक नाव लिहून वीट ठेवायचे." मला हसू आलं. मग ती म्हणाली, "पण आजोबा ज्या समाजवादासाठी भांडायचे, तो काही दिसला नाही हो. जिकडेतिकडे दुकानंच दुकानं."

माझे वडील गिरणी कामगार, पक्के युनियनवाले. व्हिएतनामच्या लढाईत त्यांचा जीव अडकलेला असायचा. आज असते तर नातीवर चिडले असते. मला मात्र वाटतं, यात चिडण्यापेक्षा शिकण्यासारखंच जास्त आहे.

1975 ला युद्ध संपलं. तांदूळ, कापड, मांस, सगळं कुपनावर मिळायचं. एखाद्याचं तोंड उतरलेलं दिसलं की 'तांदळाचं रेशनबुक हरवलं का' अशा अर्थाची म्हणच होती तिथे. शेती सामुदायिक. कुणी कितीही राबा, हाती येणार तेवढंच. मग माणूस परसातल्या तुकड्यावर घाम गाळायचा आणि सामायिक शेतात हात राखून काम करायचा. 1986 मध्ये महागाई 700 टक्क्यांच्याही वर गेली.

तोड मात्र वीस वर्षं आधीच सापडली होती. 1966 मध्ये विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी सामुदायिक शेतं कराराने कुटुंबांना कसायला द्यायला सुरुवात केली. पण 1968 मध्ये पक्षाचे बडे नेते त्रुओंग चिन्ह यांनी त्यांच्यावर कडक टीका केली आणि प्रयोग बंद पडला. किम न्गोक 1979 मध्ये वारले.

पुढची गोष्ट मला फार मोठी वाटते. 1986 मध्ये तेच त्रुओंग चिन्ह सरचिटणीस झाले आणि त्यांनीच सुधारणांचा मार्ग मोकळा केला. डिसेंबरच्या सहाव्या अधिवेशनात पक्षाने आपल्या चुका कबूल केल्या, 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचं धोरण घेतलं, आणि त्रुओंग चिन्ह पद सोडून बाजूला झाले. 1988 मध्ये शेती कुटुंबांच्या हाती आली. 1989 मध्ये त्याच देशाने दहा लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेर विकला. जमीन तीच, माणसं तीच!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 1989 पासून सरकारी दवाखान्यांत फी लागू झाली. सरकारी कारखान्यांतल्या लाखो लोकांची नोकरी गेली. दारिद्र्य पुढे झपाट्याने घटलं हे खरं, पण पक्ष आजही एकच आहे. म्हणजे चूक कबूल करायची की नाही, हे वरचेच ठरवणार. किम न्गोकसारखा माणूस उद्या पुन्हा बोलला तर त्याचं कोण ऐकणार? माझ्या मते ही सुधारणा इथेच अर्धी राहिली. रेशनची रांग गेली, पण खालच्याचं ऐकलंच पाहिजे अशी सोय काही झाली नाही.

आणि आपण तरी कुठे वेगळे? वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा चूक कुणीच कबूल केली नाही. मालकाने नाही, अधिकाऱ्यांनी नाही, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या युनियननेही नाही. थकलेले पैसे ते गेल्यावर आईच्या हाती आले. तिने ते मोजलेसुद्धा नाहीत.

म्हणून लेकीला म्हटलं, "समाजवाद दिसला की बाजार दिसला, हे नंतर बघू. जो देश स्वतःची चूक मान्य करतो, त्याला आधी मानायचं. आणि ती दाखवणाऱ्याला जो गप्प बसवतो, त्याला जाबही विचारायचा."

तुमच्या घरचे रांगेत काय ठेवायचे हो? डबा, पिशवी की दगड? खाली नक्की लिहा.