समुद्र शनिवार बघत नाही

मंडळी, या वीकेंडचा विषय सहलीचा आहे, पण फोटो नाहीत. कारण सहल अजून व्हायची आहे. आणि ती कशी ठरते आहे यावरच आज चार शब्द लिहायचे आहेत.

बेत असा: ऑफिसातले आम्ही बारा जण, तीन शिडाच्या बोटी, प्रत्येकीवर एक अनुभवी तांडेल, आणि मुंबईच्या बंदरातून घारापुरी. म्हणजेच एलिफंटा. फेरीबोटीने गेटवेहून साधारण तासाभराचा रस्ता. बेत निघाला आणि अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर पोल आला. कुठला शनिवार? चार पर्याय. त्यात रिलीज कधी, कुणाच्या मामेभावाचं लग्न कधी, क्रिकेटची मॅच कधी हे सगळं बघून एक तारीख जिंकली. आठ विरुद्ध चार. टाळ्या, केकचे इमोजी वगैरे.

त्या तारखेला अष्टमी होती.

आता तुम्ही म्हणाल, हा काय मुहूर्त बघायला लागला? नाही हो. मुहूर्ताशी माझं काही देणंघेणं नाही. मी भरती-ओहोटीबद्दल बोलतोय. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक साधा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, आणि दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. इतकं सोपं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे शेवटची वेळ छापील तक्त्यावरूनच घ्यायची, पण ग्रुपवर वाद घालायला हा हिशेब पुरेसा आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हा पाऊण तास म्हणजे त्याचंच तोंडी गणित. कॅलक्युलेटर नसताना ज्याने हे बसवलं त्याला माझा नमस्कार.

मग अष्टमीला बिघडतं काय? घारापुरी गेटवेच्या पूर्वेला, थोडी उत्तरेकडे, खाडीच्या आतल्या अंगाला आहे. भरतीचं पाणी आत शिरतं, ते आपल्याला बेटाकडे ढकलतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडतं, ते आपल्याला परत आणतं. म्हणजे शहाण्याने सकाळी चढत्या पाण्याबरोबर जावं आणि दुपारी उतरत्या पाण्याबरोबर यावं. अष्टमीला बरोबर उलटं होतं. जाताना ओहोटी समोरून, येताना भरती समोरून. इंजिन असेल तर त्याचं फार वाटत नाही, थोडं डिझेल जास्त जळतं. शीड असेल तर दिवसाचं गणितच बदलतं.

ढोबळ आकडे मांडतो. (इंजिनिअरच्या ब्लॉगवर आलाय, आकडे सोसा!) अंतर धरा साडेपाच समुद्री मैल, म्हणजे दहा किलोमीटर. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलके मतलई वारे असतात, मधे काही वेळ वारा पडतो, आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात, पश्चिम-वायव्येचे. म्हणजे येताना वारा बराचसा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंश बाजूला ठेवून नागमोडी जावं लागतं. वारा अगदी नाकासमोर आला तर अंतर १.४ पट होतं (वर्गमूळ दोन, अकरावीतलं). साडेपाचाचे झाले साडेसात मैल. बोटीचा वेग साडेतीन नॉट धरला आणि पाणी एक नॉटने विरुद्ध असेल तर उरले अडीच. तीन तास. तेच पाणी एक नॉटने सोबतीला असेल तर साडेचार नॉट. एक तास चाळीस मिनिटं.

फरक एक तास वीस मिनिटांचा. आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्या ऐंशी मिनिटांत उजेड आहे की अंधार, यावर ‘मजा आली’ आणि ‘वाचलो’ यातला फरक ठरतो. कारण मधे जवाहर द्वीपाचं तेलाचं टर्मिनल आहे, त्याच्या जवळ फिरकायला बंदी. शिवाय न्हावाशेव्याला जाणारी कंटेनरची जहाजं आहेत, ज्यांना आपली चिमुकली बोट दिसली तरी चटकन थांबता येत नाही.

माझा मुद्दा आता सरळ सांगतो. आपण आयटीवाले प्रत्येक गोष्ट प्रोजेक्टसारखी आखतो. आधी तारीख ठरते, मग ती गाठायला बाकी सगळं वाकवलं जातं. माणसं, चाचण्या, झोप, सगळं. डांबरी रस्त्यावरच्या सहलीत हे खपून जातं, लोणावळ्याला जाताना फार तर ट्रॅफिक लागतं. समुद्रावर तारीख हा पहिला निर्णय असूच शकत नाही. आधी पाणी, मग वारा, मग माणसं, आणि या तिघांतून उरलेल्या दिवसांतून तारीख. पोल घ्यायचाच तर त्या उरलेल्या दिवसांवर घ्या.

‘मग शनिवार मिळणारच नाही,’ असं आमच्यातल्या एकाने लगेच सुनावलं. मिळतो, आणि इथे एक गंमत आहे. भरतीच्या वेळांचं चक्र अमावास्या ते पौर्णिमा असं साधारण पावणेपंधरा दिवसांत फिरतं. आपले शनिवार एक सोडून एक धरले तर १४ दिवसांनी येतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. त्यामुळे एखादा शनिवार सोयीचा असेल तर त्याच्या पुढचा गैरसोयीचा आणि त्याच्या पुढचा पुन्हा सोयीचा. दर खेपेला भरती पाऊण तासाच्या आतबाहेर अलीकडे सरकते, पण दोनेक महिने हे जमून राहतं. म्हणजे समुद्र तुमच्या पाच दिवसांच्या आठवड्याच्या विरोधात नाहीये. त्याला फक्त आधी विचारायला हवं.

दुसरा प्रस्ताव आला खांदेरीचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे, आणि तेव्हापासून प्रत्येकाला तिथे शीड लावून जायचंय. मलाही जायचंय. पण मुंबईहून तो वीस किलोमीटरच्या पुढे, दक्षिणेला, उघड्या समुद्रात. पहिल्यांदा बोटीत पाय ठेवणाऱ्या बारा जणांना घेऊन तिथे जाऊन त्याच दिवशी उजेडात परत यायचं हा हिशेब मला जमत नाही. खांदेरीचा इतिहास मात्र जरूर वाचा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी ते बेट बांधायला काढलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. जहाजं मोठी, तोफा मोठ्या. तरी मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवतच राहिल्या आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. त्या होडीवाल्यांचं शौर्य आपण सांगतोच. पाणी कधी चढतं, वारा कधी फिरतो, कुठे किती खोल आहे याची त्यांची माहिती हे त्या शौर्याचं अर्धं भांडवल होतं, ते मात्र सांगायचं राहून जातं. स्टेटसला भगवा लावून अष्टमीला निघणं हा त्यांचा वारसा नव्हे.

आणि कोळीवाड्यात तर हे नव्याने सांगायची गरजच नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालायच्या नाहीत, हा नियम तिथे कुठल्याही प्रोसेस मॅन्युअलच्या आधीपासून आहे. आपण ‘कोड फ्रीझ’ म्हणतो ना, तेच. फरक इतकाच की आपल्याकडे फ्रीझच्या काळात क्लायंटचा फोन आला की ‘एवढं एकच’ म्हणून काहीतरी आत जातं. समुद्राकडे क्लायंटचा फोन चालत नाही.

आता जरा गंभीर. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिन चाचणी चालू असलेली स्पीडबोट येऊन आदळली. १५ माणसं गेली. दुपारची वेळ होती. यात प्रवाशांचा काय दोष? काहीच नाही. पण वाचलेल्यांनी नंतर जे सांगितलं त्यात एक गोष्ट सारखी होती: बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. समुद्रावर दुसऱ्याची चूकही आपल्या अंगावर येऊ शकते, म्हणून जॅकेट बाकाखाली नाही, अंगावर हवं. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. फोटोसाठी सुद्धा काढायचं नाही. यावर आमच्या ग्रुपवर चर्चा ठेवलेलीच नाही.

राहता राहिली माणसं. कुठल्याही बारा जणांत दोन-तीन असे असतात की ज्यांना पोहता येत नाही, आणि त्यातला एखादा ते ग्रुपवर कधीच लिहिणार नाही. का लिहील? सगळे उड्या मारतायत, आगाऊ पैसे भरून झालेत, आपल्यामुळे बेत कशाला मोडायचा? आमच्या टीममधल्या एकीने मला हे जेवणाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन सांगितलं. ‘मी येईन रे, पण मला पाण्याची भीती वाटते. कुणाला सांगू नकोस.’ तिने मला सांगितलं हे बरं झालं. पण न सांगणाऱ्यांचं काय? म्हणून मी प्रत्येकाला वेगवेगळा मेसेज पाठवून दोनच प्रश्न विचारले: पोहता येतं का, आणि बोट लागते का. उत्तरं फक्त मला आणि तांडेलांना. ग्रुपवरच्या पोलमध्ये सगळेच शूर होते. वैयक्तिक उत्तरांत पाच जणांना पोहता येत नाही. बारातले पाच!

त्यावरून आम्ही तीन नियम केले. तुम्हाला उपयोगी पडले तर घ्या.

पहिला, धक्क्यावर आल्यावरही ‘मी बोटीने येत नाही’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला. कारण विचारायचं नाही, नंतर चिडवायचं नाही. त्याने फेरीने यावं, बेटावर भेटावं. लेणी फेरीने आलेल्यालाही तेवढीच सुंदर दिसतात.

दुसरा, ‘मागे फिरूया’ हे तांडेल म्हणाला की विषय संपला. तिथे मतदान नाही. जेवणात सुरमई की पापलेट यावर हवं तितकं मतदान करा, पण ढग बघून निर्णय घ्यायला लोकशाही बरी नव्हे. आणि त्याने मागे फिरवलं तरी त्याचे पैसे पूर्ण द्यायचे. नाहीतर आपणच त्याला पुढे जायला भरीला घालतो.

तिसरा, राखीव तारीख आधीच ठरवायची, आणि रद्द झालं तर बुडणारे पैसे पहिल्याच दिवशी खर्चात धरायचे. माणशी तीनशे रुपये जादा निघाले. कुरकुर झाली. पण एकदा हे पैसे गेल्यातच जमा धरले की ‘आता भरलेत तर जाऊच’ हे वाक्य कुणाच्या तोंडी येत नाही. बहुतेक वाईट निर्णयांची सुरुवात याच वाक्याने होते, बोटीवरही आणि प्रोजेक्टमध्येही.

एवढा विचार करून मजा काय राहिली, असं एका मित्राने विचारलंच. त्याला म्हटलं, अरे, गडावर जाताना तू दोन आठवडे नकाशे घेऊन बसतोस, तेव्हा मजा जाते का? उलट पंचांग, तक्ता आणि वाऱ्याचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून दिवस शोधणं यात मला आत्ताच सहल सुरू झाल्यासारखं वाटतंय. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते चार मार्कांसाठी. त्यांच्या भरवशावर आपण खरंच कुठे जाणार आहोत, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

असो. पोल रद्द झाला आहे. नवी तारीख द्वितीयेची, दुपारी दीडच्या सुमाराला भरती. साडेनऊला निघायचं, चढत्या पाण्यावर बेट गाठायचं, लेणी बघायची, वर गावातल्या कुणाकडे जेवण मिळालं तर जेवायचं, आणि दोनला पाणी उतरायला लागलं की परतीची शिडं. राखीव तारीख बरोबर १४ दिवसांनी, प्रतिपदेच्या आसपास, भरती पाऊणच्या सुमाराला. तीही चालेल. दोन्ही शनिवार आहेत बरं का! पाण्याला घाबरणारी मैत्रीण पहिल्या बोटीत, तांडेलाच्या शेजारी बसणार आहे. तसं तिनेच मागून घेतलं.

तुमचाही असा काही बेत शिजत असेल तर पोल टाकण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. तिथी शोधा आणि पाऊणने गुणा.