सव्वासोळा सेंटिमीटरची टॅक्सी

नववीच्या वर्गात आम्ही गुणोत्तर-प्रमाण शिकवत होतो. मागच्या बाकावरून काहीतरी घासल्याचा बारीक आवाज येत होता. जाऊन पाहिले, तर एक मुलगा वहीच्या आड पॉलिश पेपरने पांढरा तुकडा घासत बसलेला. सनबोर्डाची मोटार होती ती, अजून रंग नाही, चाके नाहीत. आम्ही ती काढून घेतली, कपाटात टाकली आणि "उद्या अब्बांना घेऊन ये" असे फर्मावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत खेळणी जप्त करण्यात आमचा हात चांगलाच बसला आहे.

दुसऱ्या दिवशी अब्बा आले. बरीच वर्षे मुंबईत टॅक्सी चालवून आता गावी परतलेले गृहस्थ. आम्ही तक्रारींचा पाढा सुरू केला, पण त्यांचे लक्ष टेबलावरच्या गाडीकडे. त्यांनी ती उचलली, फिरवून पाहिली आणि मुलाला विचारले, "मीटर कुठाय? आपला जुना मीटर बाहेर होता, डाव्या अंगाला. आणि वरचं कॅरिअर?"

"लावणार होतो, अब्बा. सरांनी घेतली."

आमचा पाढा तिथेच थांबला.

ती प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या रंगात धावलेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. या गृहस्थांची गाडी त्याच्या आधीच भंगारात गेली होती. घरात उरला होता तिच्याशेजारी उभे राहून काढलेला एक फोटो.

"मग मापं कुठून आणलीस?" आम्ही विचारले. मुलाने फोटो दाखवला. गाडी अगदी बाजूने घेतलेली. चाकाची रिंग १४ इंची, म्हणजे साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर, एवढे त्याला अब्बांकडून ठाऊक होते. फोटोत रिंग भरली ९ मिलिमीटर आणि पूर्ण गाडी ९९. म्हणजे गाडी रिंगच्या अकरा पट. अकरा गुणिले साडेपस्तीस, सुमारे ३९० सेंटिमीटर. त्याला चोविसाने भागले की सव्वासोळा. आम्ही फळ्यावर जे शिकवत होतो, ते हा मुलगा बाकाखाली करत होता, आणि आम्ही त्यालाच शिक्षा केली होती. गाडी परत दिली, माफीही मागितली.

त्यानंतर आम्ही या छंदाची थोडी माहिती करून घेतली. १:२४ म्हणजे खरी गाडी चोवीस पट लहान करणे. हे माप फूट-इंचाच्या हिशेबातून आले आहे: एका फुटाला अर्धा इंच. १:४३ हे माप खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले, तिथे एका फुटाला सात मिलिमीटर धरत. १:६४ म्हणजे मुठीत मावणाऱ्या धातूच्या गाड्या. हीच पद्मिनी १:४३ मध्ये नऊ सेंटिमीटरची होईल आणि १:६४ मध्ये सहा. दुकानातल्या छोट्या गाड्या मात्र बहुधा एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या असतात, म्हणून ट्रक आणि मोटार सारख्याच लांबीचे दिसतात. मुलांना याचे कारण विचारून पाहा, प्रमाणाचा धडा तिथेच सुरू होतो.

या छोट्या गाड्यांची एक हकिकत आम्हाला फार आवडली. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. वडिलांनी तिच्यासाठी रोडरोलर लहान करून काडेपेटीत बसवला. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. तेव्हा 'गाड्या म्हणजे मुलांचा खेळ' असे म्हणून लेकीला बाजूला बसवू नका. सुरुवात एका लेकीच्या दप्तरातूनच झाली आहे.

अमेरिकेत १९५८ मध्ये एएमटी कंपनीने असे संच काढले, ज्यातून एकच गाडी मूळ रूपात, सजवून किंवा शर्यतीची म्हणून जोडता येई. मनासारखी गाडी घडवण्याचा नाद तिथे घरोघरी पसरला. त्याच्याही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' या स्पर्धेत मुले हाताने मॉडेल घडवत आणि उत्तम कामाला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. त्यातली काही मुले पुढे मोटारींची आरेखने करणारी झाली.

अम्मी विचारतील, खर्च किती? परदेशी संच महाग असतात, त्यांची घाई नको. सनबोर्ड, स्टीलची पट्टी, कटर, पॉलिश पेपर आणि गोंद एवढ्यात पहिली गाडी होते. आधी कागदावर बाजू, समोर आणि वरून अशी तीन चित्रे खऱ्या मापाला भागून काढावीत, मग कापावे. रंग एकदम जाड देऊ नये. आधी प्रायमर, मग पातळ थर, प्रत्येक थर वाळू द्यावा. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारला तर थर्माकोल विरघळतो. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला फेव्हिक्विक लावले तर त्यावर पांढरट धुके धरते, तिथे साधा पांढरा गोंद बरा. धातूची जुनी गाडी नव्याने सजवायची असेल तर बुडाचा रिव्हेट ड्रिलने काढावा लागतो. हे काम मोठ्यांनीच करावे. कटर बोटांच्या उलट दिशेला चालवावा आणि स्प्रे नेहमी घराबाहेर, मास्क लावून मारावा.

आणि वेळ ठरलेली असावी. अभ्यास आणि नमाज आटोपल्यावर तासभर. वर्गात नाही, हे त्या मुलालाही आम्ही बजावले आहे.

एवढे सांगितल्यावर एक कबुली द्यायला हवी. आम्हाला वाटत होते, या छंदाचा फायदा गणिताला होईल. झालाही. पण परवा ते अब्बा बाजारात भेटले तेव्हा वेगळेच सांगत होते. टॅक्सी भंगारात दिल्यापासून घरात कोणी तिचा विषय काढत नसे, तेही काढत नसत. आता मुलगा रोज काहीतरी विचारतो: आरसा कुठे होता, सीटचे कव्हर कुठल्या रंगाचे, पावसात दादरहून कसे जायचात? आणि ते सांगतात. पिवळ्या रंगावरून बापलेकांत दोन दिवस वाद झाला. मीटर त्यांनी स्वतः करून दिला, काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा.

आपल्याही घरात एखादी रिक्षा, बैलगाडी, होडी किंवा शिलाई मशीन असेल, जिच्यावर घर चालले आणि जी आता नाही. फोटो शोधा, पट्टी घ्या, मुलांना शेजारी बसवा. आणि माप चुकले तर रागावू नका. आमच्यासारखी घाई करू नका.