आरंभी कोणते साधन शिकावे?

दहावीची परीक्षा आटोपली की खडवलीच्या स्थानकावर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहता पाहता पालकमंडळींत एकच चर्चा सुरू होते : मुलास अथवा मुलीस संगणकाचा कोणता क्लास लावावा? हाती एखादे पत्रक असते. त्यावर प्रोग्रॅमिंगच्या भाषांची व डेटाबेसांची दहाबारा नावे ओळीने छापलेली असतात, आणि जितकी नावे अधिक तितकी फीही अधिक. ज्या घरी ही रक्कम भातविक्रीतून किंवा तुटपुंज्या पगारातून बाजूस काढावी लागते, त्या घरी ही निवड क्षुल्लक नव्हे. म्हणून याविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

नवशिक्याने साधनांच्या नावांमागे न धावता त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व आधी आत्मसात करावे, असे आमचे म्हणणे आहे. नावे अल्पायुषी असतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात फॉक्सप्रो हे नाव क्लासाक्लासांतून गाजत होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याची अखेरची आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ साली त्यास मिळणारे साहाय्यही थांबविले. ज्याने केवळ त्याच्या आज्ञा घोकल्या, त्याची विद्या त्याबरोबर मावळली. ज्यास कोष्टकांचा परस्परसंबंध उमगला होता, त्यास नवे साधन हाती घेणे जड गेले नाही. कारण एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेले हे संबंधाचे तत्त्व, व त्यावर १९७४ साली उभारलेली एसक्यूएल ही भाषा, आजही असंख्य कचेऱ्यांतून राबत आहेत.

हे तत्त्व शाळेच्या ग्रंथालयावरून सहज कळेल. एकाच वहीत प्रत्येक वेळी विद्यार्थ्याचे नाव, पत्ता व पुस्तकाचे नाव लिहीत गेल्यास, पत्ता बदलताच वीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एक जागा राहिली की वहीचा भरवसा गेला. त्याऐवजी विद्यार्थ्यांचे एक कोष्टक, पुस्तकांचे दुसरे, आणि केवळ क्रमांकांनी त्यांची सांगड घालणारे देवघेवीचे तिसरे केले, तर एकाच जागी दुरुस्ती पुरते. एवढा धडा कागदपेन्सिलीनेही गिरविता येतो.

त्यानंतर एक भाषा व एक डेटाबेस पुरे. भाषा म्हणून आम्ही पायथनची शिफारस करतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ही भाषा वाचावयास सुबोध असून विनामूल्य मिळते. रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्माण केलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस तिच्याबरोबरच येतो, आणि त्यावर एसक्यूएलचा अभ्यास करता येतो. हाच डेटाबेस पालकांच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलमध्येही काम करीत असतो. जुना संगणकही या अभ्यासास चालतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ तर मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहेत.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच प्रोग्रॅम लिहिते, मग हा खटाटोप कशास? आमचे उत्तर असे की, ज्यास हिशेब येत नाही त्यास दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबातील चूक दिसत नाही. यंत्राने लिहिलेले तपासण्यासाठी तरी तत्त्व अवगत असलेच पाहिजे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, फी भरण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : अभ्यासक्रमाच्या शेवटी आमचे मूल स्वतः काय करून दाखवील? उत्तरादाखल पुन्हा नावांचीच यादी मिळाली, तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आपल्या ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक छोटासा प्रोग्रॅम या वर्षी पुरा करा. भातसेच्या पात्रात जो नीट पोहावयास शिकला, त्यास उल्हास नदीसाठी निराळी शिकवणी लावावी लागत नाही.