पिकअप घ्या, पण आधी दिवस मोजा



उसाचे पहिले बिल खात्यावर पडले, की आपल्या भागात दोन विषय हमखास निघतात. एक घरातले लग्न आणि दुसरी गाडी. पूर्वी गाडी म्हणजे बैलगाडी होती, पुढे फटफटी आली, मग ट्रॅक्टर आला. आता दूध संस्थेच्या कट्ट्यावर म्हणा, सोसायटीच्या ओट्यावर म्हणा, की काट्यावर नंबर लावून बसलेल्या मंडळींत म्हणा, एकच वाद ऐकू येतो. बोलेरो बरी का योद्धा बरी? दोस्त घ्यावी का इंट्रा घ्यावी? दोन्हीकडचे वकील असे तावातावाने भांडतात की जणू कंपनीने त्यांना पगारावर ठेवले आहे.

हा वाद आम्ही पुष्कळ दिवस ऐकत आहोत. आमचे स्पष्ट मत असे, की हा प्रश्नच उलट्या टोकाने विचारला जातो. कोणती गाडी चांगली, हे नंतर बघू. आपल्या घरी वर्षातले किती दिवस तिला काम आहे, हे आधी सांगा. बैल विकत घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, पण त्याच्याही आधी आपल्याला बैलाची गरज किती, हे बघतो. मग दहा लाखांच्या गाडीच्या वेळीच हा शहाणपणा कुठे जातो?

थोडा हिशेब मांडू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, ज्याने त्याने आपले आकडे घालून बघावेत. गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाख रुपये लागले असे धरा. त्यांतले २ लाख पदरचे आणि ८ लाख कर्ज, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता १७ हजारांच्या घरात जातो. वर्षाला २ लाख ४ हजार झाले. विमा, टायर, पासिंग आणि दुरुस्ती मिळून वर्षाला ८० हजार धरा. म्हणजे डिझेलचा थेंब न टाकता आणि ड्रायव्हरला रुपया न देता वर्षाचा खर्च झाला २ लाख ८४ हजार. गाडी वर्षात २५० दिवस चालली तर दिवसाला ११३६ रुपये पडतात. १०० दिवसच चालली तर दिवसाला २८४० रुपये. तीच गाडी, तोच हप्ता, पण एकाला ती भाकरी देते आणि दुसऱ्याची भाकरी खाते. फरक कंपनीचा नाही, कामाच्या दिवसांचा आहे.

आता हेच उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, म्हणजे टनाला ३५५० रुपये. पाच वर्षांत पदरचे आणि हप्त्याचे मिळून १२ लाख २० हजार जातात. या दराने तो झाला जवळजवळ ३४४ टन ऊस. एकरी ४० टन धरले तर साडेआठ एकरांहून जास्त फड या एका गाडीपायी जातो, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीच्या दराने. लागण, खत, पाणी आणि मजुरी यांचा खर्च तर अजून आपण धरलेलाच नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला कोणी शिकवायला नको, पण शोरूमच्या दारात आपण ते विसरतो एवढे खरे.

काही मंडळी म्हणतील, "अहो, ऊसही वाहू की पिकअपमधून!" हे डोक्यातून काढून टाका. ४० टनांचा एक एकर फड पावणेदोन टनांच्या खेपांनी उचलायचा म्हटले तर २३ खेपा होतात. तेवढ्यात गव्हाणीवर पाळी किती वेळा लावणार आणि डिझेल किती जाळणार? उसाला ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाडीच हवी. पिकअपचे काम वेगळे आहे. दूध, वैरण, खत, बेणे, रोपांचे ट्रे, बाजाराचा माल, मोटार बिघडली तर ती शहराला नेऊन आणणे, ही तिची कामे. अशी कामे वर्षभर असतील तर गाडी जरूर घ्यावी. आमचा विरोध गाडीला नाही, दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला आहे.

दिवस मोजून झाले, की भार मोजावा. भरलेला ४० लिटरचा दुधाचा कॅन साधारण ५० किलोंचा होतो. २० कॅन म्हणजे एक टन. टोमॅटोचे क्रेट २५ किलोंप्रमाणे ५० भरले तर सव्वा टन झाले. ५० किलोंच्या खताच्या ४० पिशव्या म्हणजे दोन टन. आपला रोजचा भार यांतला कोणता, हे वहीत लिहून काढा. वर्षातून चार वेळा येणाऱ्या भारासाठी मोठी गाडी घेऊ नये. ते चार दिवस भाड्याने भागवावेत.

बाजारातल्या डिझेल पिकअपचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात मोठ्या इंजिनाच्या, पुढे नाक असलेल्या गाड्या. महिंद्राची बोलेरो अडीच लिटर इंजिनाची, टाटाची योद्धा २.२ लिटरची. यांत सव्वा-दीड टनापासून दोन टनांपर्यंत भाराचे प्रकार मिळतात. योद्धा चारही चाकांच्या ओढीची, म्हणजे फोर बाय फोरही निघाली. दुसरा गट दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनाचा. अशोक लेलँडची दोस्त २०११ साली सव्वा टनाची म्हणून आली आणि पुढे वाढत गेली. टाटाची इंट्रा २०१९ साली आली, तिची व्ही ३० ही १३०० किलोंची आणि व्ही ५० ही १५०० किलोंची. या गाड्या वळायला सोप्या, गल्लीबोळात शिरणाऱ्या आणि डिझेलला हात राखणाऱ्या.

आमचा सल्ला असा. रोज डांबरी रस्त्याने दूध किंवा भाजी न्यायची आणि भार सव्वा टनाच्या आत असेल, तर दीड लिटरची गाडी पुरते. तिथे मोठे इंजिन म्हणजे दोन भाकऱ्यांसाठी चुलवाण पेटवणे. खत, सिमेंट, मुरूम असा जड माल, घाट चढून लांबच्या बाजाराला रात्रीची खेप, किंवा काळ्या रानातली पाणंद, हे नेहमीचे असेल तर मोठ्या इंजिनाकडे बघावे. पण एक ध्यानात ठेवा. मागच्या चाकांना ओढ असलेली पिकअप रिकामी असली, की मागून हलकी होते आणि चिखलात जागीच फिरते. तेव्हा पावसाळ्यात रोज पाणंदीने जाणाऱ्याने फोर बाय फोरचा भाव विचारून ठेवावा, आणि तो परवडत नसेल तर पाणंदीच्या तोंडाशी माल आणायला बैलगाडी आहेच, तिची लाज वाटू देऊ नये.

ॲव्हरेजवरून तर हाणामारी व्हायची वेळ येते. तोही हिशेब करू. एक गाडी लिटरला १२ किलोमीटर आणि दुसरी १४ देते असे धरा. वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवली, तर फरक पडतो १७९ लिटरचा. डिझेल ९० रुपये धरले तर १६ हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण जवळचा मिस्त्री साठ किलोमीटरवर असेल आणि वर्षात आठ दिवस गाडी गॅरेजला पडून राहिली, तर हे १६ हजार तिथेच जिरतात. म्हणून कंपनीच्या कागदावरचा ॲव्हरेज वाचण्याआधी आपल्या तालुक्याच्या गावी कोणत्या गाडीचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, ते विचारून या.

कायद्याच्याही चार गोष्टी सांगतो. मालासहित एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. त्याच्या वरच्या गाडीला लागते. दोन मॉडेलांत घुटमळत असाल तर आधी हा आकडा बघा. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की भाराचा खरा आकडा निघतो, आणि आपण हौसेने लावलेले उंच फाळके व लोखंडी कमान त्याच भारातून वजा होतात. जादा भार सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये, आणि वर दर जादा टनाला २ हजार. लायसनची मात्र चिंता नको. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पिकअप ही मालाची गाडी आहे, माणसांची नव्हे. भांगलणीच्या बाया, तोडणीची टोळी, वऱ्हाड, देवाला जाणारी मंडळी, सारे मागे उभे करून आपण बिनघोर जातो. मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. गाडी उलटली तर गेलेला जीव परत येत नाहीच, पण भरपाईपायी मालकाच्या जमिनीवर बोजा चढू शकतो. चढ-उताराला नेहमी नेता ती माणसे जादा हप्ता भरून विम्याच्या कागदावर आणा आणि त्यांना पुढे केबिनमध्ये बसवा. बाकीच्यांना एसटीचे किंवा जीपचे भाडे द्या. ते भाडे जमिनीपेक्षा स्वस्त आहे.

नव्या डिझेल गाडीची एक खोडही सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा इंजिने आली. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी सलग वेगात चालली, की ही काजळी आपोआप जळते. घर ते मळा, मळा ते डेअरी अशी दोन-दोन किलोमीटरच चालली, तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिला मोठ्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवावी. डिझेल खात्रीच्या पंपाचेच घालावे, रॉकेलची भेसळ या इंजिनाला विषासारखी आहे. काही मॉडेलांना युरियाचे द्रावण लागते. ते लागते का, हे घेतानाच विचारा. आणि लागत असेल तर पोत्यातला खताचा युरिया घरी पाण्यात कालवून ओतू नका. उसाला चालणारा युरिया गाडीला चालत नाही, सारी यंत्रणाच बाद होते.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. पिकअपचा हप्ता कारखान्याने ऊसबिलातून परस्पर कापून बँकेला भरावा, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. तोडणी-वाहतुकीच्या वाहनांना हमी देता, मग आम्हांला का नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हे पटत नाही. तोडणी-वाहतुकीचे वाहन हंगामात कारखान्याचेच काम करते आणि त्याच कामाच्या बिलातून आपले कर्ज फेडते. पिकअपचे तसे नाही. तिने दुधातून, बाजारातून, भाड्यातून स्वतःचा हप्ता स्वतः काढला पाहिजे. ती तो काढू शकत नसेल, तर ती घेऊच नये. बिलाच्या कागदावर वजाबाकीच्या ओळी आधीच थोड्या नाहीत. सोसायटीचे पीककर्ज आहे, पाणीपट्टी आहे. त्यांत ही एक ओळ वाढली, तर घरच्या बाईच्या हातात, मुलांच्या फीला आणि पुढच्या लागणीला काय उरणार?

त्यापेक्षा दोन वाटा आम्हांला बऱ्या वाटतात. ज्याला दिवस पुरेसे आहेत त्याने बँकेकडे महिन्याऐवजी हंगामाला जुळणारे सहामाही हप्ते मागावेत आणि दुधाचे किंवा भाड्याचे उत्पन्न त्यासाठी वेगळ्या खात्यावर ठेवावे. ज्याचे दिवस शंभरच भरतात, अशा तिघांनी-चौघांनी मिळून एक गाडी घ्यावी. गाडी कोणाच्या नावावर, कोणते दिवस कोणाचे, मोडतोड कोणी भरायची आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर काय, हे सारे पहिल्याच दिवशी स्टँपवर लिहावे. भावाभावांतही लिहावे, नव्हे भावाभावांत तर आधी लिहावे. आपला एवढा मोठा कारखाना एकेकट्याच्या ऐपतीतून उभा राहिलेला नाही. शेअरचे पैसे एकत्र आले म्हणून धुराडे उभे राहिले. मग एक पिकअप चौघांत चालवणे आपल्याला जड का जावे?

तेव्हा कळकळीची विनंती एवढीच. शोरूमला जाण्याआधी एक वही करा. मागच्या वर्षात भाड्याची गाडी किती दिवस सांगितली, किती भार नेला आणि किती भाडे दिले, ते लिहा. त्या वहीत दोनशे दिवस भरले, तर खुशाल पेढे वाटा. मग बोलेरो घ्या नाहीतर योद्धा, दोस्त घ्या नाहीतर इंट्रा. घेण्याआधी मात्र ती आपल्या स्वतःच्या मालाने भरून आपल्या स्वतःच्या पाणंदीने एकदा चढवून बघा. विक्रेता नाही म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा. पैसा आपला आहे आणि तो उसाच्या कांड्याकांड्यातून आलेला आहे.